खो-खोचा हंगाम आला, मुलींचा कधी येणार?

१९ जानेवारी २०२५, रविवार. दिल्लीतली जानेवारीची थंडी, हिटरसमोरून उठवत नाही अशी. आमच्या नोएडातल्या घरात टीव्हीवर खो-खोच्या पहिल्यावहिल्या विश्वचषकाचा महिलांचा अंतिम सामना लागला होता. भारत विरुद्ध नेपाळ. सामना चालला होता आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, आयटीओजवळच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये.

आई मटार सोलत बसली होती. पहिल्या काही मिनिटांतच मटारची परात बाजूला सरकली आणि आई सोफ्याच्या कडेला येऊन बसली. ‘‘अगं, खो दे! दे ना खो!’’ ती टीव्हीतल्या मुलीला सांगत होती. मुलीने खो दिला, पुढची उठली, नेपाळची खेळाडू बाद झाली आणि आईने टाळी वाजवली. इतक्या वर्षांत क्रिकेटचा एकही सामना पूर्ण न पाहिलेली आई.

आईच्या उजव्या गुडघ्यावर एक जुना व्रण आहे. मिरजेच्या शाळेत खो-खो खेळताना पडलेला. नववीपर्यंत ती शाळेच्या संघात होती. मग आजी म्हणाली, ‘‘आता दहावी आहे, बस झालं.’’ भांडण नाही, रडणं नाही. खेळ थांबला, एवढंच.

भारताच्या मुलींनी तो सामना ७८-४० असा जिंकला. पुण्याच्या प्रियांका इंगळेने कर्णधार म्हणून चषक उचलला. त्याच संध्याकाळी पुरुषांच्या संघानेही नेपाळला ५४-३६ असं हरवलं. त्या संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, तोही पुण्याचाच. बक्षीस समारंभ संपला, आईने परात पुन्हा मांडीवर घेतली आणि विचारलं, ‘‘या पोरी आता पुढे कुठे खेळणार?’’

साधाच प्रश्न होता, पण त्याचं उत्तर शोधताना लक्षात आलं की पुरुष खेळाडूंबद्दल हाच प्रश्न असता तर सांगायला एक नाव होतं: अल्टिमेट खो-खो लीग. मुलींसाठी मात्र तसं नाव सापडेना.

मातीतून मॅटवर

खो-खो कुणाला शिकवावा लागत नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या जवळजवळ प्रत्येकाने तो शाळेच्या मैदानावर कधी ना कधी खेळलेला असतो. ना बॅट लागते, ना चेंडू, ना रॅकेट. दोन खांब, चुन्याच्या रेषा आणि दमदार फुप्फुसं एवढं पुरतं. कदाचित म्हणूनच आपण या खेळाला फार गंभीरपणे घेतलं नाही.

खरं तर हा खेळ नियमात बसवायचं काम शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. १९१४च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात खो-खोचे नियम बांधले गेले. पुढे १९२४मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियमावली प्रसिद्ध केली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६०मध्ये विजयवाड्याला झाली. आणि त्यानंतर पुढच्याच वर्षी महिलांचीही राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती आपल्या कोल्हापुरात.

हे ‘पुढच्याच वर्षी’ लक्षात ठेवा. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, मुलींनी मैदानावर धावणं अनेक घरांत खपत नव्हतं त्या काळात, पुरुष आणि महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये अंतर होतं अवघ्या एका वर्षाचं.

त्यानंतर अनेक दशकं खो-खो मातीतच राहिला. मग हळूहळू मॅट आली. मातीवर पाय घसरतो, मॅटवर पकड मिळते, त्यामुळे खेळाचा वेग वाढतो. मॅट आली की खेळ छताखाली नेता येतो. छताखाली गेला की पाऊस आणि ऊन आड येत नाही, संध्याकाळी दिव्यांच्या झोतात सामना ठेवता येतो आणि टीव्हीवर दाखवता येतो. व्यावसायिक लीगसाठी नेमकं हेच हवं असतं.

तीन आठवड्यांचा हंगाम

१४ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम सुरू झाला. डाबर उद्योगघराण्यातले अमित बर्मन यांनी भारतीय खो-खो महासंघाच्या साथीने ही लीग उभी केली. संघ सहा होते: मुंबई खिलाडीज, गुजरात जायंट्स, चेन्नई क्विक गन्स, ओडिशा जगरनॉट्स, राजस्थान वॉरियर्स आणि तेलुगू योद्धाज. पहिला सामना मुंबई आणि गुजरातमध्ये रंगला आणि तो गुजरातने जिंकला.

तीन आठवड्यांत ३४ सामने झाले. ४ सप्टेंबरला अंतिम फेरीत ओडिशा आणि तेलुगू योद्धाज समोरासमोर आले. तो सामना ज्यांनी पाहिला ते अजून विसरलेले नाहीत. शेवटच्या टप्प्यात तेलुगू योद्धाज पुढे होते. अशा वेळी ओडिशाच्या सूरज लांडेने आकाशीय सूर मारून गडी टिपला आणि ओडिशा ४६-४५ असा, फक्त एका गुणाने, विजेता ठरला. विजेत्यांना १ कोटी रुपये मिळाले. खो-खोसारख्या खेळात एवढं बक्षीस मिळेल, असं काही वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

दुसरा हंगाम २४ डिसेंबर २०२३ ते १३ जानेवारी २०२४ या काळात ओडिशातल्या कटकला झाला. या वेळी गुजरात जायंट्सने अंतिम सामन्यात चेन्नई क्विक गन्सला ३१-२६ असं हरवलं. दोन हंगामांमध्ये पंधरा महिन्यांहून जास्त अंतर पडलं, हेही इथेच नोंदवायला हवं. क्रिकेटची लीग कॅलेंडरवर पक्की छापलेली असते. छोट्या खेळांच्या लीगला दर वेळी नव्याने उभं राहावं लागतं. पुढच्या हिवाळ्यात तर लीगचा हंगाम नव्हता, दिल्लीतला विश्वचषक होता.

सात मिनिटांचा थरार

तुम्ही शाळेत खेळलेला खो-खो आणि लीगमधला खो-खो यांत बराच फरक आहे. मुलांसोबत टीव्हीवर सामना पाहायला बसलात तर या चार गोष्टी आधी सांगून ठेवा, मजा दुप्पट होईल.

पहिली गोष्ट, पारंपरिक खेळात एका संघाचे नऊ जण मैदानात असतात, आठ चौकोनांत बसलेले आणि एक धावणारा. लीगमध्ये नवाऐवजी सात जण असतात. बसलेले कमी, म्हणून मोकळी जागा जास्त आणि पळापळही जास्त.

दुसरी गोष्ट, मोठ्या गटात पाळी नऊ मिनिटांची असते, लीगमध्ये ती सात मिनिटांची आहे. प्रत्येक संघ दोनदा आक्रमण करतो आणि दोनदा संरक्षण. चहा गार व्हायच्या आत सामन्याचं पारडं फिरतं.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘वजीर’. आपल्याला माहीत आहे की खो मिळून उठलेला खेळाडू एकदा एका दिशेला वळला की त्याला मागे फिरता येत नाही. वजीराला ही अट नाही. तो कुठल्याही दिशेने धावू शकतो, बुद्धिबळातल्या वजीरासारखाच. त्यामुळे पळणाऱ्याची हुलकावणी देण्याची जुनी युक्ती वजीरापुढे चालत नाही. पॉवरप्लेमध्ये तर एकाऐवजी दोन वजीर असतात.

चौथी गोष्ट गुणांची. जुन्या खेळात एक गडी बाद झाला की एक गुण मिळतो. लीगमध्ये दोन मिळतात, आणि आकाशीय सूर मारून किंवा खांबावर सूर मारून गडी टिपला तर तीन. पळणाऱ्यांसाठीही बक्षीस आहे. तीन जणांची तुकडी ठरलेल्या वेळेपलीकडे टिकली की तिला बोनस मिळतो, त्याला ‘ड्रीम रन’ म्हणतात.

या बदलांवर जुनी मंडळी नाराजही आहेत. ‘एक डाव आणि चार गुण राखून विजय’ अशा मथळ्यांत वाढलेल्यांना वजीर आणि पॉवरप्ले हा पोरखेळ वाटतो. त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे. पण चौकोनात चवड्यावर बसून, पाठीवर थाप पडायची वाट पाहण्याची ती घालमेल मॅटवरही तशीच आहे. खेळाचा जीव तोच आहे.

हंगाम खेळाडूला काय देतो?

लीग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पैसा येतो. पहिल्या हंगामात वरच्या श्रेणीतल्या खेळाडूला ५ लाख रुपये ठरले होते, सर्वांत खालच्या श्रेणीत १ लाख. क्रिकेटच्या तुलनेत ही रक्कम म्हणजे काहीच नाही. पण ज्या मुलाचे आईवडील हातावर पोट असलेले आहेत, त्याच्या घरात ती रक्कम काय करते, ते वेगळं सांगायला नको.

सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नई क्विक गन्सकडून खेळला. प्रतीक वाईकर तेलुगू योद्धाजकडून खेळला. दोघेही पुढे दिल्लीतल्या जगज्जेत्या संघात होते.

पैशापलीकडेही हंगाम काही देतो. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंबरोबर तीन आठवडे रोज खेळायला मिळतं. फिजिओ मिळतो, आहाराकडे लक्ष देणारं माणूस मिळतं. कॅमेऱ्यासमोर, दिव्यांच्या झोतात, भरलेल्या स्टेडियममध्ये खेळायची सवय होते. नाव टीव्हीच्या पडद्यावर येतं आणि गावातल्या ज्या काकांनी ‘‘खो-खो खेळून काय पोट भरणार?’’ असं विचारलेलं असतं, तेच काका मोबाइलवर सामन्याची वेळ शोधू लागतात.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हंगाम ही वाट पाहण्याची गोष्ट आहे. पुढच्या हंगामात निवड होईल या आशेवर खेळाडू पहाटे पाचला उठतो. ध्येय तारखेसकट समोर असेल तर घरचेही थांबायला तयार होतात. ‘‘अजून एक वर्ष खेळू द्या’’ या वाक्याला आधार मिळतो.

मुलींना हेच वाक्य म्हणता येत नाही, कारण अल्टिमेट खो-खोचे पहिले दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे होते.

लीग नसताना जग जिंकणाऱ्या मुली

आता पुन्हा त्या जानेवारीतल्या दिल्लीकडे वळू. १३ ते १९ जानेवारीदरम्यान झालेल्या विश्वचषकात २३ देश आले होते. पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ. भारताच्या मुलींनी पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला ६६-१६ असं हरवून त्या अंतिम फेरीत पोहोचल्या.

पुरुषांनी अंतिम सामना १८ गुणांच्या फरकाने जिंकला, महिलांनी ३८ गुणांच्या. एका संघातल्या खेळाडूंच्या गाठीशी लीगच्या हंगामांचा अनुभव होता, दुसऱ्या संघाकडे तसा एकही हंगाम नव्हता. यात पुरुष खेळाडूंचं काहीच कमी होत नाही. प्रश्न एवढाच आहे की लीगशिवाय ज्या मुली एवढं करून दाखवतात, त्यांना लीग मिळाली तर?

या मुली येतात कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. नसरीन शेख ही आपल्या दिल्लीची. वडील फेरीवाले, भांडी विकणारे. नसरीनने २०१९च्या काठमांडूतल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारताचं नेतृत्व केलं आणि संघाने सुवर्ण जिंकलं. तिला २०२३चा अर्जुन पुरस्कार मिळाला. विश्वचषक जिंकणाऱ्या संघातही ती होती.

तिच्या आधी धाराशिवची सारिका काळे. २०१६मध्ये गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती कर्णधार होती आणि तेव्हाही सुवर्ण आपल्याकडेच आलं. घरची परिस्थिती इतकी ओढाताणीची होती की एक वेळच्या जेवणावर दिवस काढले, असं तिने मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं आहे. २०२०मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी खो-खोला हा पुरस्कार मिळून २२ वर्षं उलटली होती. हा दुष्काळ संपवला तो मराठवाड्यातल्या एका मुलीने.

विश्वचषकानंतर महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपयांचं बक्षीस दिलं. मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. ही मोठी आणि कौतुकाची गोष्ट आहे. पण बक्षीस मिळतं ते जिंकलेल्या पंधरा जणींना, आणि तेही एकदाच. जी सोळावी होती, विसावी होती, जी जिल्ह्याच्या संघात आहे आणि अजून दोन वर्षांत तयार होईल, तिच्या हाती काय? हंगाम दरवर्षी येतो आणि तो पंधरा जणींपुरता नसतो. सहा संघांची लीग म्हणजे शंभराहून अधिक खेळाडूंना जागा.

दूरच्या देशातला आपल्यासारखाच एक खेळ

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. उत्तर अमेरिकेत लॅक्रॉस नावाचा एक खेळ आहे. हातात लांब दांडा, त्याच्या टोकाला जाळी, जाळीत चेंडू झेलायचा आणि गोलमध्ये मारायचा. हा तिथल्या मूळ रहिवाशांचा खेळ. आपल्या खो-खोसारखाच मोकळ्या मैदानातला आणि त्या मातीत जन्मलेला.

१९३०च्या दशकात कॅनडात तो छताखाली आला. आइस हॉकीची बंदिस्त मैदानं उन्हाळ्यात रिकामी पडत, तिथे हा खेळ खेळायला सुरुवात झाली. जागा लहान, खेळाडू कमी, वेग जास्त. अगदी आपल्या लीगसारखाच बदल. १९८७मध्ये त्याची व्यावसायिक इनडोअर लीग सुरू झाली, फक्त चार संघांची. आज ती नॅशनल लॅक्रॉस लीग म्हणून ओळखली जाते. हिवाळा सुरू होताना हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. सामने मुख्यतः शनिवार-रविवारच्या आसपास असतात, कारण बऱ्याच खेळाडूंच्या नोकऱ्या असतात. कुणी शिक्षक, कुणी अग्निशमन दलात. आठवडाभर काम, शेवटी खेळ.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. चार संघांनी सुरू झालेली लीग टिकू शकते, मात्र हंगाम दरवर्षी वेळेवर यायला हवा. आणि दुसरी गोष्ट जरा कडू आहे. या इनडोअर खेळाचा पुरुषांचा विश्वचषक २००३मध्ये सुरू झाला, महिलांचा पहिला झाला २०२४मध्ये. मध्ये २१ वर्षं गेली. २००३मध्ये वीस वर्षांची असलेली खेळाडू तोवर चाळिशी ओलांडून गेली.

‘आधी पुरुषांचं जमू दे’

महिलांच्या लीगचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं: आधी पुरुषांची लीग स्थिर होऊ दे, मग बघू. लीग हा व्यवसाय आहे, प्रायोजक हवेत, प्रेक्षक हवेत, हे खरंच आहे. जिथे पुरुषांच्याच दोन हंगामांत पंधरा महिन्यांचं अंतर पडतं, तिथे घाईने आणखी एक डोलारा उभारणं धोक्याचं, असं कुणी म्हटलं तर ते खोडून काढणं सोपं नाही.

पण या ‘मग बघू’चा हिशेब काय होतो, तेही पाहू. क्रिकेटची आयपीएल २००८ला आली, महिला प्रीमियर लीग २०२३ला. पंधरा वर्षं. खेळाडूचं मैदानावरचं सगळं आयुष्यच जेमतेम तेवढं असतं. म्हणजे एक अख्खी पिढी वाट पाहता पाहता निवृत्त झाली.

कबड्डीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. प्रो कबड्डी २०१४मध्ये सुरू झाली आणि गावागावात पोहोचली. २०१६मध्ये तिच्यासोबत महिलांचं चॅलेंज भरवलं गेलं. फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स असे तीन संघ होते. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने २४-२३ असा जिंकला. एका गुणाचा फरक! याहून रंगतदार सामना कुणाला हवा? पण त्याचा दुसरा हंगाम प्रो कबड्डीबरोबर पुन्हा आला नाही. एकदा करून पाहिलं आणि सोडून दिलं.

याउलट हॉकीने वेगळा रस्ता धरला. बंद पडलेली हॉकी इंडिया लीग २०२४च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांसोबत जानेवारी २०२५मध्ये महिलांच्या चार संघांची लीगही सुरू केली गेली. आठ विरुद्ध चार, बरोबरी नाहीच. पण सुरुवात एकाच हंगामात झाली. खो-खोला हा रस्ता जवळचा आहे. त्याच स्टेडियममध्ये, त्याच मॅटवर, त्याच तीन आठवड्यांत तीन-चार महिला संघांचे सामने ठेवता येतील. मॅट तीच आहे, दिवे तेच आहेत, कॅमेरे तेच आहेत. आणि खेळाडू तर जगज्जेत्या आहेत.

दरम्यान, सरकारी पातळीवर ‘खेलो इंडिया’च्या अस्मिता उपक्रमात मुलींच्या स्पर्धा होतात, त्यात खो-खो आहे. हे चांगलं पाऊल आहे. पण ती खेळाडू घडवणारी स्पर्धा आहे, खेळाडूचं पोट चालवणारी लीग नव्हे. दोन्हींची गरज वेगळी आहे.

तुमच्या मुलीला खो-खो खेळायचा असेल तर

लीग कधी येईल ते आपल्या हातात नाही. मुलगी खेळत राहील की नाही, हे मात्र बरंचसं घरावर अवलंबून असतं. म्हणून काही साध्या गोष्टी.

वयाचे गट समजून घ्या : खो-खोमध्ये १४ वर्षांखालील मुलींचा किशोरी गट असतो, १८ वर्षांखालील मुलींचा वेगळा आणि त्यानंतर महिला गट. राष्ट्रीय स्पर्धेत उत्कृष्ट ठरलेल्या खेळाडूला किशोरी गटात इला, मुलींच्या गटात जानकी आणि महिला गटात राणी लक्ष्मीबाई पुरस्कार दिला जातो. मुलीला ही नावं सांगा. समोर पायऱ्या दिसल्या की चढावंसं वाटतं.

मैदान स्वतः जाऊन पाहा : मातीचं मैदान असेल तर खडे वेचलेले आहेत का, खांब पक्के आहेत का, कपडे बदलायला आणि स्वच्छतागृहाला नीट जागा आहे का? अनेक मुली खेळ सोडतात त्याचं कारण खेळ नसतो, या गैरसोयी असतात.

सूर मारायला घाई नको : टीव्हीवर आकाशीय सूर पाहून मुलं लगेच घरच्या गादीवर सुरू होतात. आधी धावणं, वळणं, चवड्यावर बसून चटकन उठणं, मग सूर. गुडघ्याला पट्टा आणि मॅटवर पकड घेणारे बूट हा खर्च टाळू नका.

पाळीच्या दिवसांबद्दल मोकळेपणाने बोला : या दिवसांत खेळायचं की विश्रांती घ्यायची, हे मुलीला स्वतःच्या शरीराकडे पाहून ठरवू द्या. आणि हे प्रशिक्षकांना संकोच न करता सांगता येईल, असं वातावरण आहे ना, ते पाहा.

प्रमाणपत्रं जपा : महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव क्रीडा गुण मिळतात आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि विमानतळ प्राधिकरणासारख्या संस्थांचे खो-खो संघ आहेत. त्यासाठी कोणती स्पर्धा मान्यताप्राप्त आहे, हे आधीच विचारून घ्या. नाहीतर कपाटभर करंडक असतात आणि कामाचा कागद एकही नसतो.

दहावीचं वर्ष : खेळ इथेच तुटतो. पूर्ण बंद करण्याऐवजी सराव निम्मा करा. संध्याकाळचा एक तास धावून आलेली मुलगी अभ्यासाला ताजीतवानी बसते. वर्षभर खेळ बंद राहिला की परत मैदानावर जाणारी मुलगी विरळाच.

आणि एक सोपी गोष्ट. मुलींचे सामने पाहा. जिल्ह्याचे असोत की टीव्हीवरचे. प्रायोजक प्रेक्षक मोजतो. महिलांच्या सामन्याला बघणारं कुणी नाही, हे कारण जितकं पोकळ होईल, तितका तो हंगाम जवळ येईल.

खो देण्याची वेळ

खो-खोत एक गंमत आहे. कुणीही खेळाडू आपल्या मनाने उठू शकत नाही. कितीही वेगवान असली, कितीही तयारीत असली, तरी मागून कुणीतरी येऊन पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणेपर्यंत तिला चौकोनात बसून राहावं लागतं. आपण आधीच उठलो तर तो फाउल असतो.

आपल्या मुली कधीपासून तयारीत बसल्या आहेत. कोल्हापूरच्या त्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेपासून दिल्लीच्या विश्वचषकापर्यंत त्यांनी आपलं काम चोख केलं आहे. आता थाप मारायचं काम महासंघाचं आहे, लीगचं आहे, प्रायोजकांचं आहे. आणि थोडंसं आपल्या घराचंही.

त्या रविवारी रात्री मटारची उसळ जेवताना मी आईला विचारलं, ‘‘आजीने थांबवलं नसतं तर किती खेळली असतीस?’’

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘आजीचं काय चुकलं? तिला दिसतच नव्हतं ना, पुढे काय आहे ते.’’